जंताची गोळी आणि गल्लीतला काळ्या

(आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

भाषणाचा विषय काय, असं केंद्रावरून फोनवर विचारलं गेलं तेव्हा मी म्हणालो, 'कुत्रा'. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ते गृहस्थ म्हणाले, 'म्हणजे कविताच ना?' कविता नाही. जंताच्या औषधाबद्दल बोलायचं आहे, आणि ते औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी ज्यांच्या पोटात गेलं त्या कुत्र्यांबद्दल. मी बी. ए. झालेला माणूस. विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. आज जे सांगणार आहे ते परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या एका मित्राला वर्षानुवर्षं खोदून खोदून विचारलेलं आहे, आणि पुढे स्वतः धडपडत वाचलेलं आहे. इतकं विचारण्याला एक कारण होतं. ते ओघात येईलच.

तुमच्या घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये ते सांगत येतं, 'आज बाईंनी गोड गोळी दिली, चावून खायला लावली.' ती अल्बेंडाझोलची गोळी. २०१५ पासून जंतनाशक दिवस पाळला जातो, अंगणवाडीपासून कॉलेजपर्यंत. माझ्या लहानपणी असा दिवस नव्हता. जंत मात्र होते.

आमचं गाव वसमतकडचं. वसमत म्हणजे हळद, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा तो भाग परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. माझी अम्मी दुसऱ्यांच्या हळदीत मजुरीला जायची. हळदीला पाणी भरपूर लागतं. सरीत चिखल असतो आणि बायका त्यात अनवाणी. गावात संडास नव्हते, माणसं बांधाला बसायची. अंकुशकृमी नावाच्या जंताला याहून जास्त काही लागत नाही. विष्ठेतून त्याची अंडी मातीत पडतात, ओलाव्यात अळ्या होतात आणि त्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून सरळ आत शिरतात. तिथून रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, घशातून गिळल्या जाऊन आतड्यात. आतड्याला तोंडाने चिकटून तो जंत रक्त पीत बसतो. एक जंत तसं थोडंच पितो. शेकडो झाले म्हणजे बाई पांढरी पडते.

अम्मी पांढरी पडली होती. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची. 'चक्कर आरी रे' म्हणून ती मधेच खाली बसायची. चुलीच्या भिंतीची माती खरवडून चोरून खायची आणि आम्हाला दिसली की पदराने तोंड पुसायची. दादीअम्मा म्हणायची, नजर लागली. अब्बांनी तिला तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जंताच्या गोळ्या दिल्या, लोहाच्या दिल्या, आणि चप्पल घालून शेतात जा म्हणाले. चिखलात चप्पल कशी राहील हे त्यांना कोण सांगणार? पण गोळ्यांनी काम केलं. पाचसहा महिन्यांत अम्मीच्या चेहऱ्यावर रंग आला. आमच्या घरात औषध या गोष्टीवर माझा विश्वास बसला तो तिथे.

आता ते कारण सांगतो.

१९८८ च्या सुमाराला मी बी. ए. करायला एका मोठ्या शहरात होतो. गल्लीतल्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. मेसचं जेवण करून परतताना उरलेली चपाती मी खिशात आणायचो आणि पायरीवर एक काळा कुत्रा वाट पाहत बसलेला असायचा. सगळी गल्ली त्याला काळ्या म्हणायची. आमच्यात कुत्रा घरात घेत नाहीत. त्याची लाळ लागली तर भांडं, कपडा धुऊन पाक करावा लागतो. म्हणून मी चपाती लांबून टाकायचो. पण हळूहळू तो माझ्या हातातून घ्यायला लागला आणि मीही मग हात धुऊन मोकळा व्हायला लागलो.

एक माणूस रात्री हातगाडी घेऊन यायचा. गाडीवर पिंजरा. कुठल्याशा प्रयोगशाळेला कुत्री पुरवायची, असं तो सांगे. धरून दिलेल्या कुत्र्यामागे दहा रुपये. गल्लीतली पोरं त्याला कुत्री धरून द्यायची. परीक्षेचा फॉर्म भरायला मला पैसे कमी पडत होते. दहा रुपयांनी सगळं भागणार नव्हतं, पण दहा रुपये दहा रुपये होते. काळ्या कुणाच्या हाती लागत नव्हता. माझ्या हाती लागला, कारण माझ्या हातात चपाती होती.

फॉर्म भरला. बी. ए. झालो. मग ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही.

पुढे हा पशुवैद्य मित्र भेटला. कवितेचा शौकीन होता, म्हणून ओळख वाढली. एकदा औंढ्याहून हिंगोलीकडे येताना एस. टी. त त्याला विचारलं, 'त्या कुत्र्याचं पुढे काय झालं असेल?' तो म्हणाला, 'सांगता येत नाही. रक्तदाबाचं प्रात्यक्षिक मुलांना दाखवायला वापरला असेल. किंवा जंताचं औषध तपासायला.' आणि मग त्याने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

कुत्र्याच्या आतड्यात जो अंकुशकृमी असतो तो माणसाच्या अंकुशकृमीचा सख्खा चुलतभाऊ. चिकटायची रीत तीच, रक्त पिण्याची रीत तीच. म्हणून माणसाच्या जंतावरचं औषध शोधायचं तर आधी कुत्र्याच्या जंतावर. अमेरिकेच्या शेतीखात्यात मॉरिस हॉल नावाचा शास्त्रज्ञ होता. औषध किती चालतं हे मोजण्याची एक कसोटी त्याने १९१८ च्या सुमाराला घालून दिली. कुत्र्याला औषध द्यायचं. मग काही दिवस त्याची सगळी विष्ठा गोळा करून धुवायची आणि पडलेले जंत मोजायचे. समजा, ९० पडले. पण आत किती राहिले? ते कळल्याशिवाय ९० या आकड्याला अर्थ नाही. आत राहिलेले मोजायचे तर कुत्र्याला मारून आतडं उघडावं लागतं. आत १० सापडले, म्हणजे औषध नव्वद टक्के चालतं.

श्रोतेहो, औषधाच्या माहितीपत्रकावर टक्केवारी छापलेली असते. मी ती आता एखाद्या शेराच्या दुसऱ्या ओळीसारखी वाचतो, पहिली ओळ कुठे आहे ते शोधत.

याच हॉलने १९२१ साली कार्बन टेट्राक्लोराइड हे रसायन कुत्र्यांच्या अंकुशकृमींवर नामी चालतं असं दाखवलं. कुत्र्यांना दिलं, मग स्वतः प्यायला. मला हा माणूस त्या एका घोटासाठी आवडतो. काही वर्षांतच फिजी बेटांपासून अनेक देशांत हजारो मजुरांना ते औषध पाजलं गेलं. जंत पडले. पण काही माणसं मेली. कुत्र्यांना तर पचलं होतं! मग काय चुकलं? १९२७ च्या सुमाराला अमेरिकेत अ‍ॅन मायनॉट नावाच्या बाईंनी पुन्हा कुत्र्यांवरच ते तपासलं. नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्यांच्या शरीरात कॅल्शियम कमी पडे आणि ती त्या औषधाने मरत. ज्यांना कॅल्शियम मिळे ती तगत. म्हणजे एकच औषध, एकच मात्रा, पण जगणं-मरणं ठरत होतं खाण्यावर. औषध घ्यायला रांगेत उभा असलेला मळ्यातला मजूर आधीच कुपोषित असे, कुणी दारूने पोखरलेला. प्रयोगशाळेतला कुत्रा त्याच्यापेक्षा चांगलं खाऊन होता. मला अम्मी आठवली. तिच्या नावाचा कुत्रा कुठल्या पिंजऱ्यात असता तर त्याला भिंतीची माती खायला घालावी लागली असती. हॉलनेच पुढे टेट्राक्लोरोइथिलिन आणलं, ते जास्त निर्धोक होतं आणि अनेक वर्षं चाललं.

आता जरा शेजारी चला. आपल्या नांदेड, यवतमाळ भागात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला घरोघर माणसं येतात. पायाला, अंडकोषाला सूज आणणारा हा रोग डासांतून येणाऱ्या धाग्यासारख्या कृमीमुळे होतो. त्यावरची मुख्य गोळी डीईसी. हिचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या पाठीवर झाला. पॅसिफिक बेटांवर लढायला गेलेल्या अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाच्या कृमींनी गाठलं होतं आणि औषध हवं होतं. न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. भीमावरमला जन्मलेला माणूस. त्यांच्या हाताखालच्या हेविट आणि सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये हे औषध जाहीर केलं. तपासलं ते दोन प्राण्यांवर: कॉटन रॅट नावाचा एक उंदीर, आणि हृदयात कृमी असलेला कुत्रा. कुत्र्याच्या हृदयातला हा कृमी वीतभर, कधी जास्तही लांब होतो आणि तोही डासांतूनच येतो. त्याची पिल्लं रक्तात पोहत असतात. औषध दिलं आणि पिल्लं किती कमी झाली हे सुईच्या टोकाएवढ्या रक्तात मोजता येतं. त्याच वर्षी पोर्टो रिकोत माणसांना ते दिलं गेलं. सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्ये वारले, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. आपल्याकडे गावोगाव ज्या गोळीला लोक नाकं मुरडतात तिच्यामागे एक तेलुगू माणूस आणि काही अमेरिकन कुत्री आहेत, हे आशाताईंनी गोळी देताना सांगावं असं मला वाटतं. त्यांना वेळ नसतो, हेही ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र कुत्र्यांनीच नंतर शिकवली. रक्तात खूप पिल्लं असलेल्या कुत्र्याला डीईसी दिलं की पिल्लं एकदम मरतात आणि कुत्रा कोसळू शकतो. म्हणून पशुवैद्य आधी रक्त तपासतात. माणसांतही गोळी घेतल्यावर ताप, अंगदुखी येते ती पुष्कळदा कृमी मरत असल्यामुळे. लोक म्हणतात गोळीच खराब.

हे सगळं परदेशातलं झालं. पण मुंबईत, गोरेगावला, सिबा कंपनीचं मोठं संशोधन केंद्र होतं. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे उष्ण देशांतल्या रोगांवर औषधं शोधायची अशी कल्पना होती, आणि ती कल्पना मोठी होती असं मी म्हणेन. कारण गरिबांच्या जंतांवर खर्च करायला कंपन्या सहसा राजी नसतात. तिथल्या एका औषधाचा क्रमांक होता सी ९३३३-गो. त्यातलं 'गो' म्हणजे गोरेगाव. पुढे त्याला अ‍ॅमोस्कॅनेट नाव पडलं. ते अंकुशकृमीवर चालतं याची माणसांवरची चाचणी १९७७ साली छापून आली. सेन आणि देब या दोघा शास्त्रज्ञांनी कुत्री, मांजरं, उंदीर, हॅम्स्टर यांच्या आतड्यांतल्या जंतांवर ते कसं चालतं याचा लेख १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. कुत्र्यात चाललं. माणसाच्या जंतावरही चाललं. पण माणसाच्या यकृताबद्दल शंका आली, चीनमध्ये दुसऱ्या एका कृमिरोगावर ते वापरलं तेव्हा काविळीसारखा त्रास दिसला, आणि ते माणसाचं औषध काही झालं नाही. गंमत अशी की त्याच घराण्यातलं, रचनेने अगदी जवळचं नायट्रोस्कॅनेट हे औषध कुत्र्यांच्या जंतांवर बाजारात आलं. म्हणजे या एका हिशेबात तरी कुत्र्याला काही परत मिळालं. सिबा-गायगी कंपनी १९९६ मध्ये सँडोजबरोबर एक होऊन नोव्हार्टिस झाली.

कुत्रा माणसासारखा आहे म्हणून त्याच्यावर तपासतात, हे खरं. पण कुत्रा कुत्र्यासारखाही नसतो, हे आयव्हरमेक्टिनने दाखवलं. हे तेच औषध ज्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. आधी गुराढोरांसाठी आलं, १९८७ मध्ये कुत्र्याच्या हृदयकृमीला आळा घालायला आलं, आणि त्याच वर्षी माणसाच्या नदी-अंधत्वावर मान्य झालं. बहुतेक कुत्र्यांना ते पचतं. पण कोली जातीची काही मेंढपाळी कुत्री गुंगीत जात, मरत. का, ते २००१ मध्ये कळलं: मेंदूच्या दारावर नको ते औषध परत ढकलणारं एक प्रथिन असतं, त्याचं जनुक या कुत्र्यांत तुटलेलं असतं. दाराला राखणदारच नाही. माझ्या मित्राचं म्हणणं, माणसाला औषध देतानाही मेंदूच्या या दाराचा विचार करायला हवा. २०१९ च्या सुमाराला नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन दिलं गेलं, तेव्हा मी त्याला फोन केला. म्हणालो, 'कोली आठवला का?' तो हसला.

आता काळ्यासारख्याला रात्री हातगाडीवरून नेणं कायद्यात बसत नाही. १९६० च्या कायद्याखाली १९९८ साली नियम झाले. प्रयोगशाळेची नोंदणी लागते, प्रत्येक प्रयोगाला समितीची परवानगी लागते, प्राणी नोंदणी केलेल्या पैदास केंद्रातून घ्यावा लागतो. आता बीगल नावाची लहान, लांब कानांची कुत्री त्यासाठीच वाढवतात. ती स्वभावाने गरीब असतात, चावत नाहीत, म्हणून निवडली. हे ऐकून मला बरं वाटलं नाही. काळ्याही चावला नव्हता.

प्रयोग बंदच करा, असं मी म्हणू शकत नाही. अम्मीच्या चेहऱ्यावर परत आलेला रंग मी पाहिला आहे. आणि काम संपलेलंही नाही. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना वर्षानुवर्षं तीच ती जंताची औषधं दिली गेली. २०१९ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या कुत्र्यांच्या अंकुशकृमींवर ती औषधं आता चालेनाशी झाली आहेत. एक नाही, तीन वेगवेगळ्या गटांतली. त्यातला एक गट आपल्या शाळेतल्या गोड गोळीचा. मुलांच्या जंतांत असं झालंय असं मी म्हणत नाही, गोळी जरूर द्या. पण गोळीबरोबर संडास आणि चप्पल यांचंही काम पुढे गेलं पाहिजे. कारण मुलांच्या आधी कुत्र्यांत काय घडलं ते आपल्यासमोर आहे. इथे कुणी त्यांच्यावर प्रयोग केला नव्हता, तरी प्रयोग झालाच.

आमच्या जिल्ह्यात नरसी आहे, नामदेवांचं गाव. कुत्र्याने भाकर पळवली तर हा माणूस तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावला, कोरडी खाऊ नकोस म्हणत. ही गोष्ट मी शाळेत ऐकली तेव्हा वर्गात सगळे हसले, मीही. घरी येऊन दादीअम्माला सांगितली. ती म्हणाली, आमच्यातही आहे. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून जोड्यात पाणी भरून आणलं, त्या एका कामावर अल्लाहने त्या माणसाला माफ केलं. आणि गुहेत झोपलेल्या त्या भल्या माणसांच्या उंबऱ्यावर पंजे पसरून बसलेला कुत्रा तर कुरआनातच आहे. 'फिर भी घर में नक्को', हे तिने लगेच जोडलं.

काळ्याची गोष्ट मी अम्मीला सांगितली ती फार उशिरा. ती म्हातारी झाली होती, अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. मी हॉल सांगितला, कसोटी सांगितली, टक्केवारी सांगितली, तुझ्या गोळ्या अशाच तपासल्या होत्या गं, असंही सांगितलं. तिला त्यातलं किती समजलं कोण जाणे. शेंगा फोडणं थांबलं नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, 'जाते वखत उसकू कुछ खाने कू दिया था क्या?'

मी म्हणालो, 'दिया था अम्मी. रोटी दिया था.'

कशासाठी दिली होती, ते तिने विचारलं नाही. टरफलं पदरात गोळा करून ती उठली आणि मागच्या दाराकडे गेली. तिथे एक पिवळी कुत्री तिच्या वाट्याच्या तुकड्यासाठी रोज येऊन बसायची, दाराच्या बाहेर, चार हात लांब.